प्लॉट होल पहिल्यांदा रामानेच पकडला होता

या आठवड्याच्या एपिसोडचा हा लिखित मजकूर. लोकलमध्ये रेंज गेली आणि ऐकायचं राहिलं, त्यांच्यासाठी. बोलताना जे 'अं', 'म्हणजे', 'काय म्हणत होतो मी' येतं ते काढून टाकलंय, बाकी जसंच्या तसं.

आजचा विषय आहे 'द लिजंड ऑफ हनुमान' आणि तिच्या प्रत्येक भागाखाली हमखास येणारी एक कमेंट: "हे मूळ रामायणात नाहीये." तुम्हीही कधीतरी टाकली असेल. तिला लाइक्स भरपूर पडतात. पण त्या एका ओळीत 'मूळ' नावाचा जो शब्द आहे ना, तो फार गुंतागुंतीचा आहे. आज तोच सोडवायचा प्रयत्न करूया.

आधी सीरीजबद्दल थोडं

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: ही ॲनिमेटेड सीरीज २९ जानेवारी २०२१ ला डिझ्नी प्लस हॉटस्टारवर आली. ग्राफिक इंडिया या कंपनीची, शरद देवराजन, जीवन कांग आणि चारुवी अग्रवाल यांनी उभी केलेली. पहिला सीझन तेरा भागांचा, सगळे एकदम, आणि सात भाषांमध्ये. त्यात मराठीही होती, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीतच नसतं, कारण आपण ऑडिओच्या मेनूत जातच नाही. हिंदीत रामाचा आवाज संकेत म्हात्रे यांचा, हनुमानाचा दमनदीप सिंग बग्गन यांचा. आणि गंमत म्हणजे निवेदक आणि रावण, दोन्ही आवाज शरद केळकर यांचे. म्हणजे गोष्ट सांगतोय तोही तोच आणि सीतेला पळवतोय तोही तोच!

पुढचे काही सीझन मात्र थोडे थोडे करून, आठवड्या-आठवड्याने आले. एक भाग साधारण वीस-बावीस मिनिटांचा. घाटकोपरला मेट्रोत बसलं की वर्सोवा येईपर्यंत एक भाग जवळजवळ संपतो. मग पुढचा आठवडा काय करायचं? तर बोलायचं. व्हॉट्सॲप ग्रुपवर, रिॲक्शन व्हिडिओत, ऑफिसच्या चहाला. "हनुमानाने तिथे गदा का नाही वापरली?" "कुंभकर्ण एवढा चांगला माणूस होता का?" "पुढच्या भागात काय दाखवतील?" गोष्ट शेवटी काय होणार हे सगळ्यांना ठाऊक आहे, रावण मरणार आहे. तरी लोक थिअरी मांडतात. का?

आठवड्याचं अंतर काय करतं

सगळे भाग एका रात्रीत बघितले की आपण फक्त ग्राहक असतो. 'नेक्स्ट एपिसोड'चं बटण पाच सेकंदांत स्वतःच दाबलं जातं, विचार करायला जागाच नाही. आठवडा मध्ये आला की ती जागा तयार होते. आणि रिकाम्या जागेत माणूस काय भरतो? स्वतःला आधीपासून माहीत असलेली गोष्ट. आजीने सांगितलेली, शाळेच्या पुस्तकातली, अमर चित्र कथेतली, टीव्हीवर पाहिलेली. मग ती आणि पडद्यावरची जुळवून बघतो. नाही जुळली की कमेंट.

हे नेटवर्कवाल्यांनी शोधून काढलेलं नाही हं. आपल्याकडे चातुर्मासात पोथी लावायची पद्धत आहे. रोज एक अध्याय, मग पोथी बासनात बांधून ठेवायची, उद्या पुढचा. ऐकणाऱ्या बायका घरी जाताना त्यावर बोलत जायच्या. कीर्तनकार बुवाही अशा ठिकाणी आख्यान थांबवतात की उद्या यावंच लागतं. क्लिफहँगर हा शब्द नव्हता, वस्तू होती.

आणि सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे 'गीतरामायण'. १ एप्रिल १९५५, शुक्रवार, रामनवमी. पुणे आकाशवाणीवरून पहिलं गाणं लागलं. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचं, कल्पना आकाशवाणीच्या सीताकांत लाड यांची. दर शुक्रवारी सकाळी नवं गाणं, शनिवारी-रविवारी तेच पुन्हा. वर्षाचे ५२ आठवडे म्हणून ५२ गाण्यांचा बेत होता, पण त्या वर्षी अधिक महिना आला आणि गाणी झाली ५६. शेवट १९ एप्रिल १९५६ ला, पुढच्या रामनवमीला. विचार करा, ५६ भागांचा एक सीझन, शुक्रवारी रिलीज! जुनी माणसं सांगतात की लोक रेडिओला हार घालायचे, उदबत्ती लावायचे. आज आपण थंबनेलवर रडण्याचा चेहरा लावतो. साधनं वेगळी, भावना तीच.

आता तो प्लॉट होल

हनुमानाच्या गोष्टीत एक अडचण आहे. प्रत्येक चौकस मुलाला ती कधी ना कधी खटकते. हा माणूस समुद्र उडी मारून ओलांडतो, डोंगर उचलतो, लहानपणी सूर्याला फळ समजून झेपावतो. मग वालीने सुग्रीवाला राज्याबाहेर हाकललं तेव्हा हा सुग्रीवाचा मंत्री बनून त्याच्यासोबत ऋष्यमूक पर्वतावर लपून का बसला होता? एक फटका, वाली संपला. रामाची गरजच काय?

हा प्रश्न रेडिटवर कुणीतरी विचारला असेल असं तुम्हाला वाटेल. पण वाल्मीकी रामायणाचं उत्तरकांड उघडा, ३५ वा सर्ग. रावण मेलाय, राम अयोध्येत राज्य करतोय, अगस्त्य ऋषी भेटायला आलेत. आणि राम त्यांना नेमकं हेच विचारतो: हनुमान एवढा बलवान होता, तर वाली आणि सुग्रीवाचं वैर झालं तेव्हा त्याने वालीला का नाही संपवलं? म्हणजे प्लॉट होल दाखवणारा पहिला प्रेक्षक कोण? प्रत्यक्ष कथेचा नायक.

अगस्त्य मग सगळी बॅकस्टोरी सांगतात. अंजनीचा मुलगा, वायूचा पुत्र, सूर्याकडे झेप, इंद्राचं वज्र लागून हनुवटी मोडली म्हणून 'हनुमान', रागावलेल्या वायूने जगाचा श्वास कोंडला, मग देवांनी वर दिले. आणि ३६ व्या सर्गात उत्तर: एवढ्या शक्तीचा हा पोरगा ऋषींच्या आश्रमात धुडगूस घालायला लागला, यज्ञाची भांडी फोडायला लागला. ऋषींनी शाप दिला की तुला तुझं बळ आठवणार नाही. कुणी आठवण करून दिली तरच ते जागं होईल.

आता खरी मजा. जांबवान हनुमानाला समुद्रकिनारी त्याची ताकद आठवून देतो तो प्रसंग आपल्याला पाठ आहे. तो किष्किंधाकांडात आहे, ६६ वा सर्ग. तिथे जांबवान जन्माची गोष्ट सांगतो, सूर्याकडची झेप सांगतो, वज्राचा आघात सांगतो. पण शाप? शापाचं नाव नाही. तिथे हनुमान नुसता एका बाजूला गप्प बसलेला आहे. का गप्प, हे सांगितलेलं नाही. शापाचं कारण येतं ते थेट शेवटच्या कांडात. आणि उत्तरकांड हा नंतर जोडलेला भाग आहे, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

कॉमिक्सवाले याला 'रेटकॉन' म्हणतात. आधीच्या गोष्टीत भोक राहिलं, वाचकांनी बोट ठेवलं, पुढच्या लेखकाने मागे जाऊन कारण भरलं. माझ्या धंद्याच्या भाषेत पॅच. जुना कोड तसाच ठेवून वर एक फिक्स. आणि हा पॅच इतका छान बसला की आज तो काढून हनुमान कल्पताच येत नाही. विसरलेली शक्ती आणि आठवण करून देणारा कुणीतरी, हा तर त्या सगळ्या गोष्टीचा प्राण आहे.

म्हणजे ज्याला आपण 'मूळ' म्हणतो, त्याच्या आतच प्रश्न विचारणारे आणि उत्तरं भरणारे लोक बसलेत.

मग कॅनन ठरवायचा कुणी?

सुपरहिरोंच्या जगात हे सोपं असतं. २०२४ च्या मार्च ते मे महिन्यांत 'एक्स-मेन ९७' आली, दर आठवड्याला. तिथे एखादं पात्र मेलं की ते खरं मेलं का, हे शेवटी एक कंपनी ठरवते. हक्क तिचे. चाहते कितीही भांडले तरी वरच्या कोर्टात निकाल लागतो.

हनुमानाचे हक्क कुणाकडे आहेत? कुणाकडेच नाहीत. रिपॉझिटरी सगळ्यांना खुली आहे आणि दोन हजार वर्षं फोर्क निघतायत. म्हणून "मूळ रामायणात नाही" म्हणताना आपण नेमकं काय म्हणतोय ते बघायला हवं. मी माझ्यापुरते तीन कप्पे केलेत.

पहिला कप्पा: वाल्मीकीत आहे. जांबवानाचा प्रसंग, लंकादहन, औषधी आणायला जाऊन अख्खा पर्वत उचलणं, हे सगळं इथे.

दुसरा कप्पा: वाल्मीकीत नाही, पण दुसऱ्या कुठल्यातरी परंपरेत आहे. हा कप्पा सगळ्यात मोठा. लक्ष्मणरेषा घ्या. वाल्मीकीत ती नाही. तुळसीदासांच्या 'रामचरितमानसा'तही सीताहरणाच्या प्रसंगात ती येत नाही. पुढे लंकाकांडात मंदोदरी रावणाला टोमणा मारते तेव्हा तिचा उल्लेख येतो. तरी आज आपण रोजच्या बोलण्यात 'लक्ष्मणरेषा' म्हणतो.

किंवा पाचव्या सीझनमधला पंचमुखी हनुमान. अहिरावण राम-लक्ष्मणाला पाताळात नेतो, त्याचा जीव पाच दिशांच्या पाच दिव्यांत, आणि पाचही दिवे एकाच क्षणी विझले पाहिजेत. एकामागून एक विझवून चालणार नाही. सिंगल थ्रेडने होणार नाही, पॅरलल प्रोसेसिंग लागणार, म्हणून पाच तोंडं. मला ही गोष्ट भयंकर आवडते. वाल्मीकीत ही अजिबात नाही. पण बंगालीतल्या कृत्तिवास रामायणात महिरावण आहे, आणि आपल्या श्रीधरस्वामींच्या 'रामविजया'त, म्हणजे १७०३ च्या ग्रंथात, अहिरावण-महिरावण आहेत. तपशील निराळे, पण आहेत. म्हणजे "सीरीजवाल्यांनी मनाने घुसडलं" हे चूक.

तिसरा कप्पा: आजच्या लेखकाची कल्पना. एखादा संवाद, एखादी लढाई, एखाद्या पात्राचं मन. इथे "मला पटलं नाही" म्हणायचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. पण ते आपलं मत असतं, परंपरेचा निकाल नव्हे.

मल्टिव्हर्स आवडणाऱ्यांसाठी अजून एक. ए. के. रामानुजन यांनी आपल्या 'तीनशे रामायणं' या प्रसिद्ध निबंधाच्या सुरुवातीला एक लोककथा सांगितली आहे. रामाची अंगठी जमिनीतल्या भेगेत पडते, हनुमान ती शोधायला पाताळात जातो, तर तिथला राजा त्याच्यापुढे तबक धरतो. तबकात हजारो अंगठ्या, सगळ्या रामाच्या. जितक्या अंगठ्या तितके राम होऊन गेले. आणि 'अध्यात्म रामायणा'त सीता वनवासाला जायचा हट्ट करताना रामाला म्हणते की इतकी रामायणं ऐकली, सीतेला मागे ठेवून राम वनात गेला असं एकात तरी आहे का? पात्राला स्वतःच्या इतर आवृत्त्या माहीत आहेत! मार्व्हलला हे सुचायला बराच वेळ लागला.

हे एवढं गंभीरपणे का घ्यायचं?

मागे मुलुंडला ताईकडे गेलो होतो. आई मेथी निवडत बसली होती आणि नऊ वर्षांच्या भाच्याला गोष्ट सांगत होती. दशरथाच्या यज्ञातला पायस कैकेयीच्या हातात होता, घार आली, तिने झडप घातली आणि पायस नेऊन टाकला थेट अंजनीच्या ओंजळीत. तो प्रसाद अंजनीने खाल्ला आणि मारुती झाला. म्हणजे मारुती एका अर्थाने रामाचा भाऊच. भाचा टॅबवरून मान वर न करता म्हणाला, "आजी, तसं नाहीये. सीरीजमध्ये असं नाही." आई म्हणाली, "असेल बाबा," आणि गप्प बसली.

ती घारीची गोष्ट चूक नाही. ती संत एकनाथांच्या 'भावार्थ रामायणा'तली आहे, सोळाव्या शतकातली, पैठणची. वाल्मीकीत नाही, पण गेली चारशेहून अधिक वर्षं मराठी घरांत ती सांगितली जाते. आणि ती वाया गेलीच असती, कारण एका बाजूला चकचकीत ॲनिमेशन आणि दुसऱ्या बाजूला मेथीची जुडी. मी भाच्याला सांगितलं की आजीची गोष्ट सीरीजपेक्षा जुनी आहे. तेव्हा त्याने टॅब खाली ठेवला आणि विचारलं, "मग घारीचं काय झालं?"

धोका हा आहे. सीरीज वाईट आहे हा धोका नाही, ती तर झकास आहे. पण पडद्यावरची एक आवृत्ती 'मूळ' म्हणून बसली की बाकीच्या आवृत्त्या कुणी बंदी न घालताच पुसल्या जातात. आणि त्या आवृत्त्या म्हणजे आपली भाषा, आपलं गाव, आपली आजी.

याची उलटी बाजूही आहे. १९८७-८८ मध्ये दूरदर्शनवर रामानंद सागर यांचं 'रामायण' दर रविवारी सकाळी लागायचं. ३१ जुलै १९८८ ला ते संपलं, उत्तरकांडाला हात न लावता. तेव्हा जालंधर आणि उत्तरेतल्या आणखी काही शहरांतल्या सफाई कामगारांनी संप केला. ते वाल्मीकी समाजाचे लोक. वाल्मीकींच्या आश्रमात सीता राहते, लव-कुश वाढतात, तो भाग त्यांच्या ऋषींचा भाग. तोच गाळणार? शेवटी सरकारला नमतं घ्यावं लागलं आणि पुढची मालिका बनली. जगातली बहुधा सगळ्यात जबरदस्त फॅन रिॲक्शन हीच असेल. ते लोक काय म्हणत होते बघा: आमचाही भाग दाखवा. दुसऱ्याचा भाग काढा, असं नाही.

दुसऱ्या प्रकारची रिॲक्शनही आपण पाहिलीय. रामानुजन यांचा तोच निबंध २०११ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातून काढला गेला, कारण रामायणं अनेक आहेत हे म्हणणंच काहींना खुपलं. जून २०२३ मध्ये 'आदिपुरुष' आला, बजरंगाच्या तोंडचे संवाद ऐकून लोक भडकले, आणि दोन-तीन दिवसांत निर्मात्यांनी संवाद बदलायचं जाहीर केलं. ते संवाद मलाही भिकार वाटले होते. पण 'संवाद भिकार आहेत' आणि 'अशी गोष्ट सांगायची हिंमतच कशी झाली' यांत फरक आहे. पहिली समीक्षा, दुसरी धमकी. कमेंट बॉक्समध्ये दोन्ही सारख्याच दिसतात.

मोठी माणसंही यात मागे नाहीत. हनुमानाचा जन्म कुठला? आपण म्हणतो नाशिकजवळची अंजनेरी. कर्नाटकवाले म्हणतात हंपीजवळचा अंजनाद्री. तिरुपतीवाले म्हणतात आमचा डोंगर. मे २०२२ मध्ये नाशिकला यावर साधू-महंतांची सभा भरली आणि गोंधळात आटोपली. मला विचाराल तर तीन डोंगरांना मारुती आपला वाटतो, यात बिघडलं काय? आपल्याकडे तर गावागणिक वेशीवर मारुती आहे.

रिॲक्ट करा, पण असं

तर पुढचा भाग पाहाल तेव्हा तीन गोष्टी करून बघा.

एक: "हे मूळात नाही" लिहिण्याआधी "हे कुठलं आहे?" असं विचारा. तीन कप्प्यांत टाकून बघा. वाल्मीकींचं मराठी भाषांतर लायब्ररीत मिळतं. आणखी खोलात जायचं असेल तर बडोद्याच्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटने वेगवेगळ्या प्रांतांतली हस्तलिखितं ताडून सात खंडांची चिकित्सक आवृत्ती काढलीय, १९६० ते १९७५ दरम्यान. वेगवेगळ्या ब्रांचेस समोर ठेवून काय कॉमन आहे ते शोधायचं, असं ते काम. आपल्या लोकांना आवडेल.

दोन: एक भाग तरी मराठी ऑडिओवर बघा. सगळ्या सीझनला तो पर्याय मिळेलच असं नाही, पण जिथे आहे तिथे तो वापरा. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना शेजारी बसवा.

तीन: मध्ये जो आठवडा मिळतो तो फुकट घालवू नका. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला विचारा, "तुमच्याकडे मारुतीची कुठली गोष्ट सांगायचे?" मध्ये बोलू नका, दुरुस्त करू नका, फोनवर रेकॉर्ड करा. कोकणातली वेगळी निघेल, खानदेशातली वेगळी, शेजारच्या गुजराती काकूंची अजून वेगळी.

आणि त्यांच्या परवानगीने ती व्हॉइस नोट मला पाठवा. पुढच्या शुक्रवारी आपण त्यातल्या काही ऐकणार आहोत, कुठली कुठल्या कप्प्यातली हे शोधणार आहोत. जी कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही, तिच्यापासून सुरुवात करू.

चला, मरोळ नाक्याला उतरायचंय. भेटूया शुक्रवारी.